मैदान, ताट आणि थांबलेली पाळी: भरतीच्या तयारीतले पंधरा महिने

पोलीस भरतीची तयारी करणारी एखादी मुलगी माझ्याकडे काही विचारायला आली, की आधी मी तिला एक प्रश्न विचारते. आठशे मीटरला किती वेळ लागतो ते नंतर. आधी, पाळी वेळेवर येते का? बहुतेक जणी मान खाली घालतात. मीही घालत होते.

मी मंगळवेढा तालुक्यातली. ऑगस्ट २०२२ मध्ये शेजारच्या तालुक्याच्या गावी एका अकॅडमीत राहायला गेले. राहणं, मेस आणि शिकवणी मिळून महिन्याला साडेचार हजार. अण्णांनी एक म्हैस विकून पहिल्या सहा महिन्यांचे पैसे भरले. हे इथेच सांगते, कारण पुढे दुखणं लपवत राहिले त्यामागे ती म्हैसही होती.

महिला शिपाई पदासाठी उंची किमान १५५ सेंटिमीटर लागते. माझी १५७ भरते. मैदानी चाचणी ५० गुणांची: ८०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. गोळा ४ किलोचा. आठशे मीटर २ मिनिटे ५० सेकंदांच्या आत आलं, तर पूर्ण गुण. निम्मे गुण मिळाले नाहीत तर तिथेच संपलं. मिळाले तरी जागांच्या दहापट उमेदवारच लेखीला बोलावतात. जानेवारी २०२३ मध्ये माझं पहिलं ग्राउंड झालं. आठशेला ३ मिनिटे ३६ सेकंद, गोळा साडेचार मीटरच्या आसपास. एकूण २१ गुण. बाहेर.

सर म्हणाले, "अंग जड आहे. वजन उतरव, टायमिंग आपोआप उतरेल." वजन ५१ किलो होतं. १५७ उंचीला ते जास्त नाही हे आज कळतं, तेव्हा कळत नव्हतं. मी दुसऱ्या दिवशीपासून सुरू केलं. पहाटे साडेचारला कोरा चहा घेऊन डांबरी रस्त्यावर धावायचं. परत येऊन एक वाटी पोहे. दुपारी एक पोळी आणि भाजी, रात्री काकडी. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी हे उपास वेगळे. संध्याकाळी पुन्हा धावणं. अकॅडमीतल्या ताईंनी सुचवला म्हणून अडीच हजारांचा प्रोटीन पावडरचा डबाही घेतला. पाण्यात एक चमचा टाकून पोटभर जेवणाच्या जागी तो प्यायचे. दीड महिन्यात वजन ४४ वर आलं आणि सरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं.

शेवटची पाळी नोव्हेंबर २०२२ मध्ये आली होती. डिसेंबरात आली नाही तेव्हा थोडी भीती वाटली, जानेवारीत ग्राउंड होतं म्हणून बरंच वाटलं, आणि फेब्रुवारीपासून मी मोजणंच सोडलं. खोलीतल्या मैत्रिणी म्हणायच्या, "सुटलीस बघ." आमच्या खोलीत सहा जणी होतो. त्यातल्या तिघींची पाळी अशीच बंद किंवा चार-चार महिन्यांनी यायची. आम्हाला ते मेहनतीचं लक्षण वाटायचं. केस गळत होते, मार्चच्या उन्हातही हातपाय गार पडायचे, रात्री झोप तुटायची. हे सगळं एकाच गोष्टीचं दुखणं आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात डाव्या नडगीत आतल्या बाजूला ठणका सुरू झाला. सुरुवातीला धावताना दुखायचं आणि थांबलं की जायचं. मग थांबल्यावरही राहायला लागलं. बाम लावला, क्रेप बँडेज बांधलं आणि धावत राहिले. दोन एप्रिलला जिना उतरताना पाय टेकवेना.

सोमवार, ३ एप्रिल २०२३. सरकारी रुग्णालयात सकाळी साडेआठला रांगेत उभी राहिले. केसपेपर १० रुपयांचा. (त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तेही लागेनासे झाले, उपचार मोफत झाले.) हाडांच्या ओपीडीत माझा नंबर आला पावणेबाराला. एक्स-रे काढून आणला, त्यात काहीच दिसत नव्हतं. मी उठायला लागले तर डॉक्टर म्हणाले, "बस." त्यांनी अंगठ्याने नडगी वरून खाली दाबत आणली. एका जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या, मी किंचाळले.

त्यांनी समजावलं ते असं. नडगी दुखण्याचे दोन प्रकार. वीतभर लांबीत सगळीकडे दुखत असेल, तर बहुधा हाडावरच्या पडद्याची आणि स्नायूंची सूज. एकाच टिचभर जागी हाड दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर जात असल्याची शंका घ्यायची. अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बरेचदा दिसत नाही. एमआरआयमध्ये दिसते, पण तो बाहेर करायचा तर पाच-सहा हजार. "चीर आहे असं धरूनच चालू. सहा आठवडे धावणं, उड्या, दोरी सगळं बंद. तीन आठवड्यांनी परत फोटो." मग त्यांनी कागदावरून नजर न काढता विचारलं, "पाळी कधी आली होती?"

हाडाच्या डॉक्टरला पाळीचं काय घेणं, हेच माझ्या डोक्यात आलं. उत्तर दिल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि त्याच केसपेपरवर स्त्रीरोग विभागाला चिठ्ठी लिहिली.

तिथे जायला मी दोन दिवस घालवले. लग्न न झालेल्या मुलीने त्या दारासमोरच्या बाकावर बसायचं म्हणजे ओळखीचं कुणी बघेल ही भीती. शेवटी आईला फोन केला. ती सकाळच्या पहिल्या एसटीने आली आणि माझ्या शेजारी पदर खोचून बसली. डॉक्टर मॅडमनी पहिली तपासणी गरोदरपणाचीच लिहिली. मला रडू आलं. त्या म्हणाल्या, "अगं बाळा, पाळी चुकली की ही तपासणी सगळ्यांचीच करतो. तुझ्यावर संशय नाही." ज्या मुली जाणार आहेत त्यांनी हे आधीच मनात धरून जावं, म्हणजे धक्का बसत नाही. बाकी रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉईड, प्रोलॅक्टिन. पोटाच्या सोनोग्राफीला आठवड्यानंतरची तारीख, भरल्या लघवीने यायचं. पाण्याची बाटली सोबत न्या, नंबर कधी लागेल सांगता येत नाही.

रिपोर्ट यायला बारा-तेरा दिवस गेले. थायरॉईड ठीक, प्रोलॅक्टिन ठीक, सोनोग्राफी ठीक. हिमोग्लोबिन ९.६. बाईचं ते किमान १२ असायला हवं. २४ एप्रिलच्या दुसऱ्या एक्स-रेत हाडावर भरून येण्याची पुसट रेघ दिसली. म्हणजे चीर होतीच.

त्या दिवशी मॅडमनी जे सांगितलं ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं आहे: "तू शरीराला मजुरी न देता काम करून घेत होतीस." धावायला लागणारी ऊर्जा वजा करून जे उरतं त्यावर हृदय, मेंदू, हाडं, पाळी हे सगळं चालतं. उरतच नसेल तर शरीर आधी ज्याच्यावाचून जीव जात नाही ते बंद करतं. पाळी बंद होते म्हणजे इस्ट्रोजेन कमी होतं, आणि इस्ट्रोजेन कमी म्हणजे हाड ठिसूळ व्हायला सुरुवात. हाडांची जन्माची पुंजी साधारण पंचविशी-तिशीपर्यंतच साठते. म्हणजे मी वीस वर्षांची, पुंजी भरण्याच्या वयात ती मोडत होते. खेळाडूंच्या डॉक्टरांनी याला वेगळं नावही दिलं आहे, रेड-एस. मला नावापेक्षा एवढंच लागलं की उपाशी राहण्याला मी शिस्त समजत होते. तीन महिने पाळी आली नाही तर वाट बघू नका, तपासून घ्या, हे त्यांनी आईलाही दोनदा सांगितलं.

अकॅडमी सोडून घरी आले. भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. अण्णा काहीच बोलले नाहीत, ते बोलले असते तर सोपं गेलं असतं.

मे महिना खायला शिकण्यात गेला. खरंच शिकावं लागतं. चार महिने पोट मारलेलं, दीड भाकरीतच भरायचं. सरकारी रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ ताईंनी बाहेरचं काहीही आणायला सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, घरात काय पिकतं? ज्वारी, तूर, मटकी, थोडी शेंग. "मग बस झालं की." माझ्या वजनाला आणि व्यायामाला दिवसाला साठ-पासष्ट ग्रॅम प्रथिनं लागतील असं त्या म्हणाल्या आणि हिशोब करून दिला. अंड्यात सहा ग्रॅम. मूठभर शेंगदाण्यांत सात. वाटीभर मटकीच्या उसळीत सात-आठ. पाव किलो दुधात आठ. सोयाबीनच्या वड्या कोरड्या पंचवीस ग्रॅम घेतल्या तर बारा-तेरा. आणि एका जाड भाकरीतही सहा ग्रॅम असतात, हे मला पहिल्यांदाच कळलं. भाकरी सोडून मी पावडर पीत होते.

माझा दिवस असा बसला. उठल्यावर एक केळं किंवा दोन खजूर, पाणी. व्यायाम झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात दोन उकडलेली अंडी आणि भाकरी, शेंगाचटणी, दही. दुपारी दोन भाकरी, उसळ किंवा घट्ट वरण, पालेभाजी, कांदा-लिंबू, ताक. चारला फुटाणे-गूळ नाहीतर राजगिऱ्याचा लाडू. रात्री भाकरी, पिठलं किंवा सोयावड्यांची भाजी, थोडा भात. झोपताना दूध. तेव्हा अंडं सहा रुपयांना होतं. घरच्या खाण्यावर माझा वरखर्च महिन्याला सात-आठशेच्या वर कधी गेला नाही.

लोहाच्या गोळ्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण निम्म्या मुली त्या आठ दिवसांत टाकून देतात. शौचाला काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ होते, मला मॅडमनी रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितल्यावर थांबली. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नाही, दूध नाही. लिंबूपाणी किंवा पेरू चालतो, त्यानं लोह चांगलं शोषलं जातं. कॅल्शियमची गोळी असेल तर ती वेगळ्या वेळेला. मात्रा मुद्दाम लिहीत नाही, ती तुमच्या रिपोर्टवर ठरते. आजारी कळल्यावर सगळे नातेवाईक डाळिंबं घेऊन आले, सांगोल्याचं डाळिंब आमच्याकडे दाराशी पिकतं. फळ चांगलंच आहे, पण डाळिंब आणि बीट लाल आहे म्हणून रक्त वाढतं असं नाही, त्यात लोह फार थोडं असतं. बाजरी, मटकी, तीळ, भिजवलेले अळीव, पालेभाजी आणि लोखंडी कढई यांचा उपयोग जास्त. महिन्याने हिमोग्लोबिन १०.७ झालं, तीन महिन्यांनी १२.१. तेव्हा वाटलं संपलं, पण शरीरातला साठा भरायला गोळ्या पुढे आणखी तीन महिने चालू ठेवायच्या असतात.

सगळ्यात अवघड गेलं ते घरातलं. आमच्याकडे आधी पुरुष, मग पोरं, मग बायका जेवतात. शेवटी भांड्यात रस्सा असतो, उसळ नसते. आईनेच एक दिवस माझं ताट आधी काढून ठेवलं, आणि पंधरा दिवसांनी स्वतःचंही. उपासांचं आज्जीशी बोलावं लागलं. साबुदाण्यात स्टार्चशिवाय फारसं काही नसतं. तिनं शेवटी एकादशी तेवढी ठेव म्हणून सांगितलं, आणि त्या दिवशी राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, दूध असं ताट ती स्वतः वाढायला लागली.

व्यायाम सुरू झाला फिजिओथेरपी विभागात, मंगळवारी आणि शुक्रवारी. पहिले सहा आठवडे पायावर आदळणारं काहीच नाही. पाठीवर झोपून कंबर उचलणं, कुशीवर झोपून पाय उचलणं, भिंतीला हात लावून जोर, कोपरांवर फळीसारखं ताठ राहणं. मला ते पोरखेळ वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात मांड्या थरथरल्या तेव्हा कळलं की इतके दिवस मी धावत होते ते नुसत्या नडग्यांवर, मांडी आणि कुल्ला झोपलेलेच होते.

जूनअखेरीस चालता-चालता धावणं सुरू केलं. चार मिनिटं चाल, एक मिनिट पळ, असं पाच वेळा, एक दिवसाआड, तेही कडेच्या मातीवर. नियम असा होता: दुखणं दहापैकी तीनच्या आत आणि दुसऱ्या सकाळपर्यंत गेलेलं असेल तरच पुढच्या पायरीवर जायचं, नाहीतर आहे तिथेच आठवडाभर थांबायचं. मी दोनदा थांबले. जुने कॅनव्हासचे बूट टाकून १,३०० रुपयांचे धावण्याचे बूट घेतले. आणि चांगल्या मापाची स्पोर्ट्स ब्रा, साडेचारशेची. अंग आवळून, खांदे पुढे ओढून धावायची सवय तिनं सुटली. हे कुणी मोकळेपणानं सांगत नाही म्हणून लिहिते.

१९ ऑगस्टला पाळी आली. नऊ महिन्यांनी. मी आईला उठवून सांगितलं आणि आम्ही दोघी अंधारात चुलीपुढे बसून राहिलो.

सप्टेंबरपासून ताकदीचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. वजनासाठी मी तेलाचे पाच लिटरचे दोन रिकामे कॅन वापरले. पाणी लिटरभर वाढवलं की वजन बरोबर एक किलोनं वाढतं, मोजायला यापेक्षा सोपं काही नाही. पुढे त्यात वाळू भरली. बैठका: कॅन छातीशी धरून, टाचा जमिनीला, गुडघा पावलाच्या रेषेत. कंबरेतून वाकून उचलणं: पाठ सरळ, कुल्ला मागे, घागर उचलताना आजी उचलायची तसं. पायरीवर चढणं, एका पायावर टाच उचलणं (नडगीसाठी हे फार महत्त्वाचं), गुडघे टेकून जोर, कॅन कमरेकडे ओढणं. प्रत्येकी आठ ते बारा वेळा, तीन फेऱ्या. अजून दोन निघतील असं वाटत असतानाच थांबायचं. तिन्ही फेऱ्यांत बारा सहज निघाले की किलोभर वाढवायचं. उचलताना श्वास सोडायचा, कोंडून धरायचा नाही. आधी दहा मिनिटं अंग गरम करायचं. आणि पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत जमेल तेवढंच, नाही जमलं तर नाही.

आत्या म्हणाली, "पोरीच्या जातीनं वजन उचलू नये, गर्भाशय सरकतं." मी मॅडमना विचारून आले. हळूहळू वाढवलेल्या वजनानं निरोगी मुलीचं गर्भाशय सरकत नाही, आणि पुरुषांएवढं टेस्टोस्टेरॉन नसल्यानं अंगही पुरुषी होत नाही. आईनं आयुष्यभर कडब्याच्या पेंढ्या आणि पाण्याच्या घागरी वाहिल्या. तिला कुणी कसं उचलायचं ते शिकवलं नाही, म्हणून तिची कंबर दुखते. मी आता तिलाही वाकायला शिकवते आहे.

जानेवारी २०२४ पासून दोन महिने तालुक्याच्या जिममध्ये गेले, महिना पाचशे, बायकांची वेळ दुपारी. वीस किलोच्या रिकाम्या दांड्यापासून सुरुवात केली आणि मार्चमध्ये जमिनीवरून ४० किलो उचलू लागले. गोळा इथेच सुधारला. तो हातानं फेकायचा असतो असं मला वाटायचं. जोर पायातून निघतो, कंबरेतून वर येतो, हात शेवटी येतो.

अर्ज ५ मार्च २०२४ पासून सुरू झाले. खुल्या प्रवर्गाला ४५०, मागास प्रवर्गाला ३५० रुपये शुल्क. नॉन-क्रिमिलेअर दाखला आधीच काढून ठेवा. माझा सेतू केंद्रातून यायला वीस दिवस लागले आणि त्या वीस दिवसांत झोप लागली नव्हती. अर्जाची मुदत १५ एप्रिलपर्यंत वाढली म्हणून वाचले. राज्यात मैदानी चाचण्या १९ जूनपासून सुरू झाल्या. माझी तारीख जूनअखेर होती, पावसानं एक दिवस पुढे गेली. आदल्या रात्री मुक्काम, पहाटे चारला गेटवर. कागदपत्रं, अनवाणी उंची, चेस्ट नंबर. सोबत सुटलेल्या मुली काहीच खाऊन आल्या नव्हत्या. मी तीनलाच केळं आणि गुळाची दशमी खाल्ली होती, पिशवीत आणखी दोन होत्या. मैदान चिखलाचं. आठशेला ३ मिनिटे ७ सेकंद. गोळा ५ मीटर ७० सेंटिमीटर. एकूण ३६. माझ्या पुढच्या फेरीतली एक मुलगी रेषेजवळ चक्कर येऊन पडली. शुद्धीवर आल्यावर मी तिला दशमी दिली आणि पाळीचं विचारलं. तिनंही मान खाली घातली.

लेखीला बोलावणं आलं. निवड यादीला तीन गुण कमी पडले, तेही लेखीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा अर्ज भरला आहे. वजन ५३, हिमोग्लोबिन १२.८, पाळी अठ्ठावीस ते तीस दिवसांनी. या वेळी सकाळचं वेळापत्रक तेच ठेवलं आहे, संध्याकाळचा दीड तास गणिताला दिला आहे.